सहल, साहिल आणि उसान

‘वर्षासहल’ हा शब्द वर्तमानपत्रांनी इतका रुळवला आहे, की त्यातला सांधा आता दिसत नाही. वर्षा संस्कृत, सहल अरबी. अरबीत ‘सह्ल’ म्हणजे सपाट जमीन. तिच्यावर चालायला अडथळा नाही, म्हणून पुढे ‘सोपे’. पाहुण्याला अरब ‘अह्लन् व सह्लन्’ म्हणतात: आपल्या माणसांत आलात, सपाट भुईवर पाय ठेवलात. उर्दू काव्यशास्त्रात ‘सहल-ए-मुम्तना’ आहे: वाचायला सोपे, तसे लिहू गेल्यास अशक्य. उर्दूत शब्द सोपेपणाशीच थांबला. हिंडण्याफिरण्यासाठी तिथे ‘सैर’ होता. मराठीने मात्र विशेषणाचे नाम केले, त्याला स्त्रीलिंग दिले आणि शाळेच्या सहलीपर्यंत आणले. ‘सहल करणे’ म्हणजे आधी विनासायास, आरामात फिरणे असावे. मग फिरण्यालाच ते नाव पडले असावे. शेजारी ‘सहज’ होताच. त्याची व्युत्पत्ती अगदी निराळी, जन्माबरोबर आलेले ते सहज. पण ‘सहज फिरून येऊ’ म्हणणाऱ्या जिभेला सहल परकी वाटली नसावी.

माझ्या ओळखीचा एक सोलापूरचा तरुण कामासाठी दक्षिण कोरियात, सोलला असतो. जुलैत भर पावसात त्याने बुसानला धावती भेट दिली आणि ‘समुद्रावर सहल झाली’ असे कळवले. सहल आणि समुद्र एका वाक्यात आले की ‘साहिल’ आठवतोच. साहिल म्हणजे किनारा. हे दोघे भाऊ असावेत असे कानाला वाटते, पण नाहीत. सहलमधला ‘ह’ हलका, साहिलमधला घशातून घासून येणारा. अरबीत त्यांची अक्षरेही वेगळी आणि धातूही. देवनागरीत एकच ‘ह’, म्हणून दोन घराणी एका उंबरठ्यावर आली. साहिलचे अनेकवचन ‘सवाहिल’; त्यावरून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची स्वाहिली. सहाराच्या दक्षिणेचा ‘साहेल’ पट्टा तर वाळवंटाचा किनारा!

उलट प्रकार ‘बंदर’चा. समुद्रापासून दूरच्या सोलापूरकराला तो परका वाटेल, पण फारसी ‘बंद’ आणि संस्कृत ‘बन्ध’ ही एकाच धातूची लेकरे आहेत. म्हणजे आपला शेताचा बांध, ओढ्यावरचा बंधारा आणि फारसी बंदर हे गणगोत ठरते. कमी पावसाच्या मुलुखात पाणी अडवण्यासाठी जो शब्द घरोघर वापरात आहे, त्याचाच भाऊबंद किनाऱ्यावर गलबते अडवून ठेवतो.

बुसानच्या नावात मात्र समुद्र नाहीच. चिनी अक्षरांत ‘बु’ म्हणजे कढई आणि ‘सान’ म्हणजे डोंगर. एवढे मोठे बंदर, पण नाव डोंगराचे. २००० सालापर्यंत रोमन लिपीत ते ‘पुसान’ लिहीत, कारण तिथला आद्य ध्वनी आपल्या प आणि ब यांच्या मधला आहे. सोलापूरलाही इंग्रजांनी ‘शोलापूर’ केलेच होते. सोलापूर या नावामागे संत सिद्धरामेश्वरांच्या काळचे ‘सोन्नलिगे’ दिसते. सोळा गावांवरून सोलापूर, ही लोककथा नंतरची असावी. आणि सोल? ते कोरियनमधल्या ‘राजधानी’ अर्थाच्या देशी शब्दावरून आलेले; सोलापूरशी त्याचा संबंध नाही.

पोराने बुसानला पोचताच छत्री घेतली. छत्रीला कोरियनमध्ये ‘उसान’. बुसानात उसान! हा ‘सान’ डोंगराचा नव्हे. ‘उ’ म्हणजे पाऊस, ‘सान’ म्हणजे छत्री, दोन्ही चिनीतून आलेले. चिनी अक्षरे वेगळी, पण हंगुल लिपीत डोंगर आणि छत्री सारखीच लिहिली जातात. देवनागरीने दोन ‘ह’ एक केले, तसेच हे. आपली छत्री मात्र छत्रातून आली आणि छत्र ‘छद्’मधून, म्हणजे झाकण्यातून.

जूनअखेर ते जुलै हा तिथल्या संततधारेचा काळ, तिला ‘चांगमा’ म्हणतात. ‘चांग’ चिनीतला ‘लांब’ असावा, ‘मा’ पाण्याचा जुना शब्द दिसतो. सोलापुरात पावसाला कानडी घरात ‘मळे’, पद्मशाली विणकरांच्या तेलुगूत ‘वान’. मराठी ‘पाऊस’ संस्कृत ‘प्रावृष्’चा, प्राकृत ‘पाउस’मधून आलेला. ‘मा’ आणि ‘मळे’ जोडण्याचा मोह होतो. तसा मोह अभ्यासक होमर हल्बर्ट यांनाही झाला होता. कोरियन आणि द्राविडी भाषांच्या तुलनात्मक व्याकरणावर त्यांनी १९०५ मध्ये पुस्तकच लिहिले. बुसानमधल्या चागाल्चीच्या मासळीबाजारात एक चिमुरडी भिजत बापाला ‘आप्पा, आप्पा’ म्हणत होती. ते ऐकून आमचा पोरगा थबकला. सोलापुरात घरोघर आप्पा आहेत आणि ते कानडीतून आलेले. पण ओठ मिटले-उघडले की निघणारे असे बालबोल जगभर सापडतात, त्यावरून कूळ ठरत नाही. द्राविडी नाते आजचे भाषाशास्त्रज्ञ मानत नाहीत.

दंतकथेतले नाते त्याहून चिवट. बुसानच्या विमानतळाला शेजारच्या किमहेचे नाव आहे. किमहे म्हणजे ‘सोन्याचा समुद्र’. शेजाऱ्याच्या नावात नसलेला समुद्र इथे आहे. तेराव्या शतकातला ‘सामगुक युसा’ हा ग्रंथ सांगतो, की इसवी सन ४८ मध्ये ‘आयुता’ देशाची राजकन्या नावेतून इथे आली आणि राणी झाली. आयुता म्हणजे अयोध्या, असा अर्थ बहुतेक जण लावतात. ध्वनी जुळतो, पण अयोध्या शरयूकाठची, समुद्र फार दूर. थायलंडच्या अयुथ्येवर बोट ठेवावे, तर ते शहर १३५१ चे आणि ग्रंथ त्याआधीचा.