स्थानिक सहनिर्देशक पद्धती व पुनर्प्रक्षेपण

स्थानिक सहनिर्देशक पद्धती व पुनर्प्रक्षेपण : एखाद्या प्रदेशाच्या सर्वेक्षणासाठी ठरवलेल्या आधारावर स्थाने आकड्यांत मांडणारी व्यवस्था म्हणजे स्थानिक सहनिर्देशक पद्धती. ते आकडे नकाशा सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या पद्धतीत नेण्याच्या क्रियेला पुनर्प्रक्षेपण म्हणतात. पद्धतीचे घटक तीन : पृथ्वीचा गणिती आकार (गोलाभ), त्या आकाराची पृथ्वीशी घातलेली सांगड (डेटम) आणि वक्र पृष्ठ सपाटीवर आणण्याची रीत (प्रक्षेपण). यांतील पहिले दोन नोंदवल्याखेरीज अक्षांश-रेखांशांनाही निश्चित अर्थ राहत नाही. येथे भारतातील पद्धतीचा विचार केला आहे.

आधार : विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला. १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हे काम पुढे नेले. त्यांच्या १८३० च्या गोलाभावर आणि सिरोंजजवळील कल्याणपूर (मध्य प्रदेश) या मूळ स्थानकावर भारतीय डेटम उभा आहे. हा गोलाभ उपखंडाला चांगला बसतो; मात्र त्याचे केंद्र पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्रापासून सुमारे ८३० मी. दूर पडते.

फूट व मीटर : एव्हरेस्ट यांनी गोलाभाचा अर्ध-बृहदक्ष २,०९,२२,९३१.८० भारतीय फूट दिला. या फुटाचे मीटरमध्ये रूपांतर वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या गुणकाने झाले. ०.३०४७९८४१ या गुणकाने अक्ष ६३,७७,२७६.३४५ मी. येतो, तर ०.३०४७९९५ ने ६३,७७,२९९.१५१ मी. यांतील पहिले मूल्य १९३७ च्या आणि दुसरे १९७५ च्या व्याख्येत आहे. १९५६ च्या व्याख्येतील मूल्य ६३,७७,३०१.२४३ मी. आहे. त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये नुसते ‘एव्हरेस्ट’ निवडणे पुरेसे नाही. व्याख्येचे वर्षही तपासावेच लागते.

डेटम-बदल : अमेरिकी संरक्षण खात्याच्या नकाशा संस्थेने भारत व नेपाळसाठी दिलेले, १९५६ च्या अक्षाशी जोडलेले, भारतीय डेटमवरून जागतिक डब्ल्यूजीएस-८४ डेटमवर नेणारे तीन दिशांचे स्थानांतर अनुक्रमे २९५, ७३६ व २५७ मी. आहे. त्यात प्रत्येक दिशेस १० ते १५ मी. अनिश्चितता धरलेली आहे. या मूल्यांनी पुणे परिसरातील बिंदू शंभर मीटरहून अधिक सरकतो. प्रादेशिक नियोजनाला १० ते १५ मी. ची ही अनिश्चितता चालते, शेताच्या बांधाला चालत नाही. बांधासाठी त्याच भागातील ज्ञात बिंदूंवरून स्थानिक मूल्ये काढणे हाच खात्रीचा मार्ग होय.

ग्रिड : भारतीय ग्रिड लॅम्बर्टच्या अनुरूप शंकू प्रक्षेपणावर आधारलेले आहे. १५° ते २१° उत्तर अक्षांशांतील मुंबई, पुणे हे भाग तिसऱ्या विभागात (पद्धतीचा संकेतांक ईपीएसजी:२४३८१) येतात, तर नागपूर व नंदुरबार ‘दोन-अ’ विभागात (ईपीएसजी:२४३७९). मूळ ग्रिड यार्डांत असल्याने एककाची गल्लत सहज होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापराची ‘ओपन सिरीज’ नकाशामाला डब्ल्यूजीएस-८४ डेटम व यूटीएम प्रक्षेपण यांवर आणली. यूटीएममध्ये मुंबई ४३ व्या आणि नागपूर ४४ व्या पट्ट्यात आहे.

सॉफ्टवेअरमधील कृती : थराला (लेयरला) पद्धती नेमणे आणि थर पुनर्प्रक्षेपित करणे या भिन्न क्रिया आहेत. पहिलीत आकडे तेच राहतात, फक्त त्यांची ओळख ठरते; दुसरीत आकडेच बदलतात. नेमणूक चुकली तर पुढचे पुनर्प्रक्षेपण तीच चूक नव्या फाइलमध्ये कायम करते. क्यूजीआयएस हे नकाशा सॉफ्टवेअर थर पडद्यावर जुळवून दाखवते, तेव्हा मूळ फाइल बदललेली नसते. दोन डेटममध्ये अनेक रूपांतरे उपलब्ध असतील, तर निवडलेल्या रूपांतराचे नाव थरासोबत जतन करावे. जुना रेल्वेपूल, विहीर किंवा त्रिकोणमितीय स्थानक यांवर पडताळणी करावी.

गावनकाशे : महाराष्ट्रातील जुनी मोजणी शंकू-साखळीची (येथे शंकू म्हणजे क्रॉस-स्टाफ). साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, ३३ × ३३ फूट म्हणजे एक गुंठा (१,०८९ चौ. फूट). अशा नकाशाला बहुधा डेटमच नसतो. म्हणून पुनर्प्रक्षेपणाऐवजी शिवेच्या दगडांसारख्या खुणांवरून तो जुळवावा लागतो. जुळणीनंतरचे क्षेत्र व अभिलेखातील क्षेत्र यांत फरक आल्यास त्याचा निर्णय केवळ भूगणिताने होत नाही.

उंची : वरील डेटम आडव्या स्थानासाठीचे आहेत; उंचीसाठी स्वतंत्र डेटम असतो.

जतन : जुने पत्रक स्कॅन करताना समास कापू नये. ग्रिड, प्रक्षेपण व सर्वेक्षण-वर्ष तेथेच छापलेले असते. ते गेले तर पुढच्या अभ्यासकाला अचूक पुनर्प्रक्षेपणाऐवजी अंदाजाने जुळणी करावी लागते.