खालाच्या चक्कीनाम्यासाठी एक डबी

माझ्या खालाला चक्कीनामे येतात. जात्याच्या खुंट्याला अलिफ म्हणणारी, दळता दळता अल्लाहचं नाव घ्यायला लावणारी ही दखनी गाणी विजापूरच्या सूफींच्या परंपरेतून घरोघरच्या बायकांच्या तोंडी आली. खालाचं वय ७८. मागच्या ईदला मी मोबाइलवर तिचा आवाज घेतला. ती सूर चढवायची तेव्हा मोबाइल तो दाबायचा आणि ती श्वास घ्यायला थांबली की पंख्याची घरघर वर काढायचा. म्हणून ऑडिओ इंटरफेस घ्यायचं ठरवलं. मायक्रोफोनचा क्षीण विद्युत संकेत मोठा करायचा, त्याचे आकडे करून यूएसबीने संगणकाला द्यायचे, एवढंच या डबीचं काम. पण बाजारात पाच हजारांपासून लाखापर्यंत डब्या आहेत. मास्तरच्या पगारात कशाला पैसे मोजावेत हे कळायला मला इतिहासात शिरावं लागलं.

नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आला. हॉटेलच्या खोलीत त्याने भोंगा मांडला आणि गौहर जान त्यात गायल्या. वीज नव्हतीच, आवाजाच्या जोरानेच सुई मेणावर रेघ कोरायची. गाणं तीनेक मिनिटांत आटपायचं. शेवटी गौहर जान इंग्रजीत स्वतःचं नाव सांगत, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात आणि तिथल्या कारागिरांना गाणारी कोण ते कळायला हवं. खोली भाड्याची, यंत्र कंपनीचं, आणि कोणाला गायला बसवायचं तेही कंपनीच ठरवणार. दळणाऱ्या बाईला तिथे कोण बोलावणार?

१९२५ मध्ये विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं आणि हळू आवाजही टिपता येऊ लागला. इंटरफेसवर जे ‘४८ व्होल्ट’चं बटण असतं, त्याची गोष्ट १९६६ ची. नॉर्वेच्या नभोवाणीत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची वीज आधीपासूनच होती. नॉयमान कंपनीने तीच त्यांच्या मायक्रोफोनना वापरली आणि तो आकडा जगभर रूढ झाला. कंडेन्सर मायक्रोफोनला सहसा ही वीज लागते. शूरचा एसएम ५८ हा डायनॅमिक मायक्रोफोनही १९६६ चाच. त्याला ती लागत नाही, पण त्याचा संकेत फार दुबळा, म्हणून डबीतला अॅम्प्लिफायर दमदार हवा. पंख्याच्या खोलीत मी डायनॅमिकच पसंत करीन.

जाहिरातीतल्या १,९२,००० हर्ट्झच्या आकड्याला मात्र भुलू नये. सीडीचा ४४,१०० हा आकडा सुरुवातीला व्हिडिओ टेपवर ध्वनी साठवायच्या सोयीतून आला. कानाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि त्याच्या दुपटीहून थोडे जास्त नमुने घेतले की भागतं. पैसे टाकायचेच तर २४ बिटवर. खालाचा आवाज कधी पुटपुटता, कधी एकदम चढा. २४ बिटवर पातळी मुद्दाम खाली ठेवता येते. चढा सूर फाटत नाही आणि पुटपुटणं नंतर वर काढलं तरी खरखर फार वाढत नाही. अगदी स्वस्त डब्या बऱ्याचदा १६ बिटवर थांबतात.

राहिला प्रश्न एक मायक्रोफोन की दोन. मी एकावरच भागवणार होतो. खाला म्हणाली, “जात्यात दाणे नसतील तर माझ्या तोंडातून गाणं निघणार नाही, बेटा.” आणि जातं फिरलं की त्याची घरघर तिच्या आवाजावर बसते.

इथे टास्कॅमचं पोर्टास्टुडिओ आठवतं. १९७९ मध्ये या यंत्राने साध्या कॅसेटवर चार वेगळे ट्रॅक घेण्याची सोय केली. ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ चा ‘नेब्रास्का’ अल्बम घरात त्यावरच केला. आवाज आणि वाद्यं वेगळ्या ट्रॅकवर ठेवून नंतर त्यांचा तोल साधणं घरात सोपं झालं. संगणकाच्या काळात २००२ चा एमबॉक्स आणि २०११ चा फोकसराइट स्कार्लेट २आय२ यांनी दोन मायक्रोफोनची तीच सोय टेबलावर आणून ठेवली.

मी शेवटी बेहरिंगरचा यूएमसी २०२ एचडी घेतला: दोन मायक्रोफोनची सोय, २४ बिट. एक मायक्रोफोन खालाच्या तोंडाशी, दुसरा जात्याकडे. पुढच्या रविवारी सोलापूरला जातोय. दोन शेर ज्वारी आणायला सांगितलंय.