एका दमात उमटलेले सूर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

चुकलेला तेवढाच तुकडा कापायचा आणि चांगला जोडायचा, ही सोय तबकड्यांच्या ध्वनिमुद्रणाला मिळाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, चुंबकीय फीत आली तेव्हा. त्याआधी सगळा मामला मेणाचा होता. जाडजूड मेणाची चकती कपाटात ठेवून थोडी ऊबदार करायची, म्हणजे पृष्ठभाग मऊ होई. मग ती फिरत्या चाकावर ठेवायची. हे चाक पुष्कळदा विजेवर नव्हे, तर भिंतीवरच्या जुन्या घड्याळासारखे वजनावर चाले, कारण गती एकसारखी राहायला हवी. तांबडा दिवा लागला की गाणारा गाऊ लागे, वाजवणारा वाजवू लागे, आणि सुई त्याच क्षणी मेणात रेघ कोरत जाई.

गंमत अशी, की ते मेण लगेच वाजवून बघता येत नसे. वाजवले की कोरलेली रेघ खराब. म्हणजे कसे झाले हे कळायचे, तर मेणावर धातूचा थर चढवून, त्याचा साचा करून, नमुन्याची तबकडी हाती येईपर्यंत थांबायचे. सुरुवातीला तर ही वाट फारच लांबची होती. फ्रेड गाइसबर्ग १९०२ साली कलकत्त्यात आला आणि त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले, तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात. म्हणून गौहरजान गाणे संपताच आपले नाव इंग्रजीतून सांगे. कारखान्यातल्या माणसाला गाणे कुणाचे ते कळायला हवे ना! पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला आणि नंतर तो दमदमला गेला.

आणि ती छापली जायची कशात? लाखेत. दगडाची पूड, काजळी आणि लाख. झाडावरच्या किड्यांनी तयार केलेली आपल्या देशाची लाख साऱ्या जगातल्या तबकड्यांना लागे. न्यूयॉर्कमध्ये १९१७ साली जॅझची पहिली तबकडी निघाली, तिच्यातही हाच पदार्थ होता. आजची विनाइलची तबकडी १९४८ नंतरची.

जॅझ म्हटले की आपल्याला अमेरिका आठवते. पण १९३५ साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय वादकाचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात दाखल झाला. त्यातला ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ पुढल्याच वर्षी स्वतः वाद्यवृंदप्रमुख झाला. पाठोपाठ पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. शिकागोत लुई आर्मस्ट्राँगबरोबर वाजवलेला हा माणूस १९४५ साली कलकत्त्यात पटकीने गेला. स्वदेशात ज्या बड्या हॉटेलांत या मंडळींना पाहुणा म्हणून पाऊल टाकता आले नसते, तशा हॉटेलात ती इथे मानाने वाजवत होती.

स्मिथच्या वाद्यवृंदाने १९३६ मध्ये ‘ताजमहाल’ नावाच्या फॉक्सट्रॉटची तबकडी केली. चाल मेना सायलस या बगदादी ज्यू संगीतकाराची. एवढा सारा वाद्यवृंद आणि मायक्रोफोन मोजका! आवाज कमीजास्त करायचा तो माणसे पुढेमागे उभी करून. ट्रम्पेट मागे, गाणारा पुढे, ड्रम कोपऱ्यात आणि तोही बेताने. मायक्रोफोन १९२५ च्या सुमारास आला. त्याआधी भोंग्यासमोर वाजवावे लागे. किंग ऑलिव्हरच्या वाद्यवृंदाने १९२३ साली अमेरिकेतल्या रिचमंड गावी मुद्रण केले, तेव्हा तरुण आर्मस्ट्राँगचा आवाज इतका दणदणीत, की त्याला लांब उभे केले म्हणतात. त्या स्टुडिओजवळून रेल्वे जाई. गाडी आली की काम बंद!

दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. नाचघरात रंगेल तितका वेळ चालणारी धून इथे आवरती घ्यायची, प्रत्येकाला आपली करामत दाखवायला मोजकी आवर्तने. आपल्या खयालाचेही तेच झाले. अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्या तीन मिनिटांचे सोने केले, हे त्यांची झिंझोटी किंवा भैरवी ऐकणाऱ्याला सांगायला नको. अल्लादिया खाँसाहेबांनी आणि भास्करबुवा बखल्यांनी मात्र आपली एकही तबकडी मागे ठेवली नाही. त्यांचे गाणे शिष्यांच्या गळ्यातून जेवढे आले तेवढेच आपले.

आमच्या हरसूलकडे तारपा वाजवणारा श्वास न तोडता वाजवत राहतो, आणि नाच रात्रभर चालतो. त्याला तीन मिनिटांत बसवायला गेलो तर काय उरेल? त्यामुळे ‘एका दमातले तेच खरे संगीत’ असे कुणी म्हणाले की मला ते पटत नाही. ती निवड नव्हती, नाइलाज होता. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या शेफील्ड लॅबने फीत टाळून थेट तबकडीवर मुद्रण करायचा प्रकार पुन्हा आणला आणि शौकिनांनी तो डोक्यावर घेतला. तिथे मात्र ती हौस होती.

मला खटकते ते वेगळेच. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मुंबईच्या नाचघरांची रया गेली आणि गोव्याचे वादक आणखी मोठ्या संख्येने चित्रपटांकडे वळले. आल्दोनाचा अँटोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या जोडीला होता. भगवानदादांच्या ‘अलबेला’त (१९५१) तो आणि त्याचे साथीदार पडद्यावरही दिसतात. संगीतकाराने चाल गुणगुणावी, यांनी ती स्वरलिपीत मांडावी, वाद्यांत वाटून द्यावी आणि स्वतःच वाजवावी. पण लेबलावर नाव गायकाचे, संगीतकाराचे, चित्रपटाचे. ट्रम्पेटवाल्याचे नाही, व्हायोलिनवाल्याचे नाही. मेणाने त्यांचा श्वासन् श्वास टिपला आणि कागदाने त्यांना वगळले.

माझ्याकडे चावीचा ग्रामोफोन आहे. वीज गेली तरी चालतो, हा त्याचा आमच्याकडे मोठाच गुण! तुमच्या माळ्यावर अशा तबकड्या असतील तर जपून काढा, लाख काचेसारखी फुटते. मग विजेरीचा झोत तिरपा धरून लेबल आणि रेघांच्या मधली मोकळी जागा बघा. तिथे बारीक आकडे कोरलेले असतात. पुष्कळ तबकड्यांवर त्या क्रमांकाच्या शेवटी एक छोटा आकडा येतो. तो कितव्या प्रयत्नाचे मेण छापले ते सांगतो. एक असेल, तर त्या खोलीतल्या सगळ्यांना पहिल्याच खेपेला जमले होते. दोन किंवा तीन असेल, तर आधीचे मेण बहुधा खरवडून पुन्हा वापरले गेले.