खांदेरीचें दीपगृह : एका बेटाचीं तीन नांवें

छत्रपती संभाजीनगरच्या संशोधकास एका स्थळाच्या अनेक नांवांचें नवल वाटूं नये. १६१० मध्यें मलिक अंबरानें वसविलेली खडकी, फत्तेखानाचें फत्तेनगर, १६५३ नंतरचें औरंगाबाद व २०२३ पासूनचें हल्लींचें नांव, हें सर्व एकच शहर. एक नांव विसरलें कीं त्या काळचे कागद हातचे जातात. मुंबई बंदराच्या वाटेवरील खांदेरी बेटाचें असेंच झालें आहे.

१६७९ सालीं शिवछत्रपतींच्या आज्ञेनें मायनाक भंडारी यानें तेथें तट घालण्यास आरंभ केला. मुंबईकर इंग्रजांस हें खपण्यासारखें नव्हतें. त्यांनीं नाकेबंदी केली. १८ ऑक्टोबरच्या झुंजींत त्यांची ‘डव्ह’ नामक गुराब मराठ्यांनीं धरली. बांधकाम थांबलें नाहीं, आणि १६८० च्या आरंभीं इंग्रजांस तह करावा लागला. मोगलांचा अंकित जंजिऱ्याचा सिद्दी मात्र शेजारच्या उंदेरीवर जाऊन बसला.

पुढें १८६७ सालीं इंग्रजांनीं खांदेरीच्याच टेकडीवर दीपगृहाचा अष्टकोनी मनोरा उभारला. बंदरांत शिरणारें गलबत जेथून अडवितां येतें, तेथूनच त्यास वाट दाखवितां येते. जागेचा गुण एकच, धनी निराळे. या दिव्यामुळें बेटावर मनुष्यवस्ती व पडाव लागण्याची सोय राहिली. तट, गाड्यांवरील तोफा व वेताळाचें देऊळ आज पाहावयास मिळतें, त्यास हेंहि एक कारण असावें असा आमचा तर्क आहे. उंदेरीस दिवा लाभला नाहीं. तेथें झाडोरा माजला आहे.

इंग्रजी कागदांत हीं जोडबेटें ‘हेन्री–केनरी’ आहेत, व त्यांतील केनरी ती खांदेरी. १९९८ मध्यें बेटास कान्होजी आंग्रे यांचें नांव मिळालें. नांव थोर खरें, परंतु तट घालणारा मायनाक त्यांत कोठेंच नाहीं. २०२५ सालीं जागतिक वारशाच्या यादींत बारा दुर्गांमध्यें तें पुन्हा खांदेरी म्हणूनच दाखल झालें.

किल्ल्याचे कागद आम्हीं आस्थेनें जपतों. दिव्याचे मात्र परक्यांचे म्हणून बाजूस टाकतों. हा भेद अनुचित होय. सबब ज्यांच्या दप्तरांत ‘केनरी’ असा शिरा असलेला सागरी नकाशा, दुरुस्तीच्या खर्चाची याद किंवा दिवेवाल्याची रोजनिशी असेल, त्यांनीं ती रद्दींत न घालतां तिची नक्कल मंडळाकडे पाठवावी.