राजाबाईचा मनोरा आणि खानदेशचा कापूस

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेची सहल मुंबईला गेली होती. जळगाव जिल्ह्यातले आमचे लहानसे गाव. मुलांनी समुद्र पाहिला, राणीचा बाग पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाय दुखू लागले म्हणून आम्ही सारे ओव्हल मैदानाच्या कडेला बसलो. समोर मुंबई विद्यापीठाचे जुने ग्रंथालय आणि त्याच्या डोक्यावर राजाबाई टॉवर. तासाचे ठोके पडले तशी चौथीतली एक चुणचुणीत मुलगी मला विचारती झाली, "गुरुजी, ही राजाबाई कोणत्या राज्याची राणी?"

"राणी नव्हे गं, एका व्यापाऱ्याची आई," मी म्हणालो.

"मग तिचं नाव एवढं उंच कशापायी?"

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. विद्यापीठाची पायरी विद्यार्थी म्हणून कधी चढलो नाही. त्या वेळी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून जाईना. गावी परतल्यावर पुस्तके मिळवून वाचू लागलो, आणि वाचता वाचता ध्यानात आले की, त्या मनोऱ्याचा धागा थेट आमच्याच शेतांपर्यंत येऊन पोचतो. तीच हकीकत आज दिवाळीच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. सत्तावनच्या बंडाची धामधूम चालू असतानाच हे विद्येचे घर निघाले, पण त्या घराला स्वतःचे छप्पर नव्हते. विद्यापीठ त्या काळी शिकवीत नसे, परीक्षा घेई आणि पदव्या देई. १८६२ साली पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. १८६३ साली गोविंद नारायण माडगावकरांनी 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध केले. मुंबईचा कोपरान् कोपरा हिंडलेल्या त्या मराठी लेखकाच्या पुस्तकात आपला हा मनोरा नाही, कारण तो अजून कोणाच्या स्वप्नातही नव्हता.

मात्र तो ज्या पैशातून उभा राहायचा होता, तो पैसा त्याच सुमारास मुंबईत पुरासारखा लोटत होता. १८६१ साली अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण राज्यांत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईनासा झाला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानच्या कापसाकडे तोंड वळवले. खानदेश, वऱ्हाड, गुजरात येथला कापूस सोन्याच्या भावाने विकला जाऊ लागला. लोकांनी गाद्या उसवून आतला कापूससुद्धा विकला, असे सांगतात. मुंबईत बँका आणि कंपन्या छत्र्यांसारख्या उगवल्या. समुद्र हटवून जमीन काढू म्हणणाऱ्या बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. समुद्र जागचा हलला नव्हता. हलली होती ती माणसांची बुद्धी!

ह्या साऱ्या उलाढालीचा सूत्रधार होता प्रेमचंद रायचंद. १८३१ साली जन्मलेला हा सुरतेकडचा जैन दलाल. इंग्रजी लिहिता-वाचता येणारा मुंबईतला पहिला देशी दलाल तोच, असे म्हणतात. त्याच्या एका चिठ्ठीवर बँकांच्या तिजोऱ्या उघडत. पस्तिशीही न गाठलेल्या ह्या गृहस्थाने १८६४ साली विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये देऊ केले, आणि थोड्याच दिवसांत आणखी दोन लाख दिले ते मनोऱ्यासाठी. दुसऱ्या देणगीला अट एकच: मनोऱ्याला आपल्या आईचे, राजाबाईचे, नाव असावे. राजाबाईंना दिसत नसे; सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा जैनांचा नियम त्यांना पाळता यावा, वेळ कानांनी कळावी, म्हणून मुलाने घड्याळाचा मनोरा बांधविला, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, लोकांनी ती दीडशे वर्षे सांभाळली आहे.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले. कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्यांचा हिशेब पुरा करण्याचा दिवस. त्या दिवशी मुंबईचे दिवाळे वाजले. कालचे लक्षाधीश आज देणेकऱ्यांच्या रांगेत उभे राहिले. बॅकबे कंपनी गेली, पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली, आणि प्रेमचंदशेटही पार बुडाले. त्यांच्या हातून गेलेले पैसे किती, ह्याचा हिशेब कोण करील? पण त्यांनी हाताने दिलेले चार लाख मात्र विद्यापीठापाशी शाबूत होते. तेजीत कमावलेले गेले, दिलेले तेवढे उरले.

इमारतीचा आराखडा लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट ह्या नामांकित वास्तुशिल्पज्ञाने काढला. गृहस्थाने हिंदुस्थान कधी पाहिला नाही; नकाशे बोटीने आले. जुन्या किल्ल्याचा तट पाडून मोकळ्या झालेल्या जागेवर १ मार्च १८६९ रोजी कोनशिला बसली. त्या वेळी मैदानाच्या पश्चिमेला थोड्याच अंतरावर समुद्र होता. नऊ वर्षे काम चालले. खर्च साडेपाच लाखांच्या आसपास गेला. २८० फूट उंचीचा मनोरा नोव्हेंबर १८७८ मध्ये पुरा झाला. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात स्कॉटसाहेब वारले होते. आत सागवानी छत, रंगीत काचांच्या खिडक्या, दगडी गोल जिने. वर लंडनहून आणलेले घड्याळ आणि १६ घंटा. मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे २४ पुतळे आहेत. त्यांचे नमुने घडविले रावबहादूर मुकुंद रामचंद्र ह्या आपल्याच इकडच्या इंजिनिअराने. साहेबाचा आराखडा, गुजराती शेटजींचा पैसा आणि देशी कारागिरांचा हात, असा हा त्रिवेणी संगम आहे.

इथवर सारे छान. परंतु आमच्यासारख्या खेड्यातल्या माणसाने जरा थांबून मनोऱ्याकडे पाठ करावी आणि त्याच नऊ वर्षांत घाटावर काय चालले होते ते पाहावे. तेजीच्या काळात सावकारांनी हात सैल सोडला होता. भाव उतरताच त्यांनी दोर आवळला. १८७५ साली पुणे-नगर भागातले शेतकरी उठले आणि त्यांनी कर्जखतांची होळी केली. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ आला. मुंबईत दगडावर दगड चढत होता, तेव्हा दख्खनमध्ये माणसे खडी फोडण्याच्या दुष्काळी कामांवर पोटासाठी राबत होती. २७ फेब्रुवारी १८८० रोजी गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांच्या हस्ते ग्रंथालय उघडले. दोनच वर्षांनी, १८८२ साली, महात्मा फुल्यांनी हंटर कमिशनपुढे आपले निवेदन मांडले: सरकारचा पैसा येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, आधी खेड्यातल्या मुलांना शाळा द्या. ग्रंथालय सरकारी पैशाचे नव्हते, हे खरे. पण प्रेमचंदशेटच्या लाखांत कोणाच्या कापसाचा वाटा होता? मनोऱ्यावर साऱ्या जाती पुतळ्याच्या रूपाने चढल्या. खालच्या दारातून आत जायला मात्र त्यांतल्या कित्येकांना फार वाट पाहावी लागली.

ते दार हळूहळू उघडले, हेही सांगितले पाहिजे. १८८३ साली विद्यापीठाने स्त्रियांना परीक्षांची वाट मोकळी केली, आणि नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी त्याच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. १९०७ साली भीमराव आंबेडकर ह्याच विद्यापीठाची मॅट्रिक झाले आणि पुढे एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. प्रेमचंदशेट त्याच्या आदल्याच वर्षी, १९०६ साली, निवर्तले होते.

पुढे कलिन्याला विद्यापीठाचे मोठे आवार झाले, तिथे नवे ग्रंथालय झाले. जुन्या वास्तूचा जीर्णोद्धार २०१५ साली पुरा झाला, काचा पुन्हा रंग सांडू लागल्या. २०१८ साली ओव्हल मैदानाभोवतालच्या इमारतींना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत ही वास्तूही आली.

त्याच २०१८ साली आमच्याकडेही एक गोष्ट घडली. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचे नाव दिले गेले. बहिणाबाईंचा जन्म १८८० सालचा, म्हणजे ज्या वर्षी मुंबईचे ते ग्रंथालय उघडले त्याच वर्षीचा. असोद्याची ही शेतकरीण, अक्षरओळख नव्हती. शेतात राबताना आणि जात्यावर दळताना सुचलेल्या ओव्या मुलगा सोपानदेव टिपून ठेवी, आणि त्यांचे पुस्तक निघाले ते १९५२ साली, आई गेल्यानंतर.

वाचकहो, लक्ष्मीपूजनाच्या रात्री व्यापारी नवी वही उघडतात आणि जमा-नावे मांडतात. ह्या जुन्या वहीत मला दोन मुलगे दिसतात. एकाने कापसाच्या पैशाने आईचे नाव दगडात उभे केले; दुसऱ्याने कापूस वेचणाऱ्या आईचे शब्द कागदावर उतरवून घेतले. देणे फिटायला एकशे अडतीस वर्षे लागली. आणि अजून पुरते फिटले आहे, असे खेड्यातला मास्तर तरी म्हणणार नाही.

त्या चुणचुणीत मुलीला मी आता उत्तर देऊ शकेन. यंदा ती सातवीत आहे. सुटीत आईबरोबर कापूस वेचायला जाते, आणि संध्याकाळी शाळेच्या कपाटातली पुस्तके मागायला माझ्या घरी येते. कपाट लहान आहे, पुस्तके दीडशेही नसतील. पण किल्ली मी तिच्याकडेच देऊन ठेवली आहे.