अन्नपूर्णा महिला मंडळ : खाणावळवालीची पत

गिरणगावातील हजारो कामगार कुटुंब गावी ठेवून मुंबईत एकटे राहत. त्यांना दोन वेळचे जेवण पुरविणाऱ्या खाणावळवाल्या महिला वाण्याकडून उधारीवर शिधा घेत. कामगारांचे पैसे पगार झाल्यावरच हाती येत. तोवर सावकाराचा आधार घ्यावा लागे आणि मिळकत व्याजातच जाई. तारणाअभावी बँकेची दारे बंद होती.

गोवा मुक्तिलढ्यात सहभागी झालेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून ही कोंडी फोडली. महिलांचे गट झाले. सदस्या परस्परांना जामीन राहिल्या आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळू लागले. पश्चिम आफ्रिकेच्या बाजारांतील विक्रेत्या महिलाही भिशीसारख्या गटांतून असेच परस्परांच्या भरवशावर भांडवल उभारतात.

१९८२ च्या गिरणी संपाने खाणावळींचे गिऱ्हाईकच आटले. एकाच गिऱ्हाइकावर विसंबलेला धंदा किती नाजूक असतो, हे तेव्हा दिसले. पुढे मंडळाचे कार्य खाडीपलीकडे, घणसोली गावापासून जवळच असलेल्या वाशीपर्यंत पोहोचले. प्रेमा पुरव यांना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली. मालमत्ता नसलेल्या महिलेलाही पत असते, हे या मंडळाने सिद्ध केले.