जुन्नरची बौद्ध लेणी आणि छायाचित्रकाराचे कर्तव्य

ज्ञातीचा इतिहास लिहावयाचा म्हणजे पुराणांतील वंशकथेपासून आरंभ करावयाचा, असा आपल्याकडे प्रघात आहे. आपल्या कासार-तांबट समाजास मात्र त्याहून खात्रीचा असा एक पुरावा पुणे जिल्ह्यातच, जुन्नरच्या कातळावर कोरलेला उपलब्ध आहे. आज घरोघरी कॅमेरा आहे, आणि बौद्ध धर्माच्या अवशेषांचा स्वतःच्या हौसेने छायाचित्रसंग्रह करावा, अशी इच्छा अनेक तरुणांच्या मनात उद्भवते. अशा तरुणांनी डोंगर चढण्यापूर्वी काय अभ्यासावे, हे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

कल्याण बंदराकडून येणारा माल नाणेघाट चढून जुन्नरास येई व तेथून पैठणाकडे जाई. या व्यापाराच्या आश्रयाने, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून सुमारे तीनशे वर्षे, लेण्याद्री, मानमोडी, तुळजा व शिवनेरी या डोंगरांत दीडशेहून अधिक लेणी खोदली गेली. त्यांचे दाते केवळ राजे नव्हते. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताने दिले. मानमोडीत भडोचच्या दोघा भावांचे दान आहे, यवनाचे आहे, आणि नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याचेही आहे. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याची पोढी दिली. शिवनेरीवरील एका गृहपतीने तर आपले चैत्यगृह सर्व लोकांच्या हितसुखासाठी अर्पण केले.

याच लेखांपैकी एकात आपल्या धंद्याचा उल्लेख येतो. भिक्षुसंघासाठी ठेवलेल्या कायम निधीचे उत्पन्न म्हणून वेळूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीने दरमहा पावणेदोन आणि कांस्यकारांच्या श्रेणीने पाव द्यावयाचे, अशी ती नोंद आहे. रक्कम अल्प आहे. पण तिचा अर्थ अल्प नाही. काशाची भांडी घडविणारे कारागीर संघटित होते, ठेव स्वीकारीत होते, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या बुडणार नाही असा विश्वास समाजाला वाटत होता. आजच्या पेढीची पत यापरती निराळी ती काय असते? तथापि ती श्रेणी म्हणजेच आपली ज्ञाती, असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. श्रेणी धंद्याची असे, ज्ञाती जन्माची. आपण तिचे वंशज आहोत की नाही हे सिद्ध करता येत नाही. तिच्या पतीचे वारस होणे मात्र आपल्या हाती आहे.

हे लेख आपल्यापर्यंत पोहोचले ते नकलकारांच्या श्रमाने. कर्नल साईक्स यांनी जुन्नरच्या लेखांच्या नकला १८३७ मध्ये प्रसिद्ध केल्या; त्याच सुमारास प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीचा उलगडा केला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी व बर्जेस यांनी १८८१ मध्ये पश्चिम हिंदुस्थानातील लेण्यांच्या लेखांचा संग्रह सिद्ध केला. छायाचित्रणाची कलाही याच शतकात आपल्याकडे रुजली. १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची संस्था निघाली, आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी या कलेत नावाजले. नक्कल एकच असली म्हणजे काय घडते, याचा दाखला अजिंठ्याचा आहे. मेजर रॉबर्ट गिल यांनी तेथील भित्तिचित्रांच्या वर्षानुवर्षे खपून केलेल्या बहुतेक तैलचित्रप्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत भस्म झाल्या. म्हणून प्रत्येक छायाचित्राच्या एकाहून अधिक प्रती निरनिराळ्या घरी असाव्यात.

जुन्नरात बुद्धमूर्तींच्या शोधात जाणाऱ्याची निराशा होईल. येथील उपासना मुख्यतः स्तूपाची. तुळजा लेण्यात बारा खांबांनी वेढलेला गोल चैत्य आहे. मानमोडीच्या भूतलिंग गटातील कमानीवर गजलक्ष्मी आहे. लेण्याद्रीच्या वीस खोल्यांच्या विहारात आज गिरिजात्मज गणपती विराजमान आहे. छायाचित्रकाराने विहार टिपताना गणपती वगळू नये आणि गणपती टिपताना विहार विसरू नये. दोन्ही मिळून त्या वास्तूचा इतिहास पूर्ण होतो. नुसत्या सुंदर दर्शनी भागांवर न थांबता पोढ्या, खोल्यांतील दगडी ओटे व झिजत चाललेली अक्षरे टिपावीत. उथळ अक्षरे सकाळ-सायंकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसतात. ती वाचता यावीत म्हणून त्यांत खडू वा चुना भरणे हा मात्र अपराधच समजावा. प्रत्येक चित्रामागे डोंगर, लेणे, दिशा व दिनांक लिहावा; नोंदीवाचून चित्र मुके राहते.

बौद्ध धर्म केवळ कातळात राहिलेला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर महाराष्ट्रातील खेडोपाडी बौद्ध वस्त्या व विहार उभे राहिले. जुन्नर-आंबेगावचा संग्रह करणाऱ्याने तेथील बंधुभगिनींच्या संमतीने त्यांचे विहार व वंदनाही टिपावी. त्यांस वगळून केलेला संग्रह अर्धाच ठरेल.

विलंबाचे फळ काय असते, हे शेजारचा आंबेगाव तालुका सांगतो. ज्या गावाने तालुक्यास नाव दिले, ते मूळ आंबेगावच डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. त्या गावाच्या गल्ल्या आता जुन्या लोकांच्या आठवणीत आणि कोणी काढली असतील त्या चित्रांत उरल्या. कातळ पाण्याखाली जात नसला, तरी त्यावरील अक्षर प्रत्येक पावसाळ्यात थोडे थोडे विरते. कांस्यकारांच्या श्रेणीवर परक्या भिक्षूंच्या निर्वाहाचा भार विश्वासाने सोपविला गेला होता. त्या विश्वासाची नोंद पुढील पिढीच्या हाती सुरक्षित देणे, एवढी ठेव तरी आपल्या समाजाने सांभाळावी, हीच ज्ञातिबांधवांस नम्र विनंती.